एक माप, सपाट भरून

मित्रांनो, मी पत्र्याचे एक जुने माप आहे, अर्ध्या लिटरचे. माझा अवतार पाहून तुम्ही मला डबडे म्हणाल, पण तसे म्हणू नका. डबड्यात कुणीही काहीही कोंबते. मापात जे घालतात ते मोजून घालतात, आणि मोजणारा डोळे मिटून मापावर विसंबतो. माझे सगळे आयुष्य या विसंबण्यावर चालले. एके दिवशी मात्र मी सगळ्यांना तोंडघशी पाडायच्या बेतात होते. त्या दिवसाचेच मला सांगायचे आहे, पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एका पत्रेवाल्याच्या दुकानात माझा जन्म झाला. त्याने पत्रा कापला, गोल वाकवला, सांध्याला कथलाचा डाग दिला आणि दोन रिबिटी ठोकून मला कान बसवला. मग त्याने आपल्या फडताळातले पितळी माप पाण्याने भरले आणि ते पाणी माझ्यात ओतले. पाणी अगदी काठाला येऊन थांबले. एक थेंब खाली नाही, एक थेंब बाहेर नाही. "बरोबर," तो म्हणाला. जगात आल्यावर माझ्या कानावर पडलेला हा पहिला शब्द. तेव्हापासून मी जरा ताठ्यातच असते.

माझ्यासारखी बारा मापे एका मोठ्या सार्वजनिक बागेसाठी विकत घेतली गेली. अवजारांच्या खोलीत आम्ही खिळ्यांना लटकत असू. खाली खुरपी, फावडी, ओल्या गोणपाटांचा ढीग, कोपऱ्यात खताची पोती आणि दाराबाहेर दगडी हौद. त्या बागेत एक भाऊ आणि त्याची थोरली बहीण कामाला होती. बहिणीकडे गुलाबांचे वाफे होते. भाऊ रोपवाटिकेत होता. कलमासाठी गुलाबाचा डोळा कुठे भरायचा, छाटणीची कात्री कशी तिरकी धरायची, पानावर ठिपका दिसला की कुठले औषध किती घालायचे, हे सगळे त्याला तिने शिकवले. दोघांच्याही नाकावर राग होता, पण काम करताना त्यांचे हात एकमेकांना न बोलता समजत.

मग जुने हेडमाळी कामावरून निवृत्त झाले. त्यांच्या जागी बहीणच येणार असे सगळे धरून चालले होते. पण बागेचे साहेब म्हणाले, "वीस गडी बाईचं ऐकायचे नाहीत." आणि त्यांनी भावाला हेडमाळी केले.

ती अवजारांच्या खोलीत आली तेव्हा मी तिच्याच हातात होते. तिने नुकतेच माझ्यातून खत टाकले होते.

"तू काही बोलला नाहीस?" तिने भावाला विचारले.

"मी काय बोलणार, ताई? साहेबांनी ठरवलं."

"गुलाब कुणी शिकवले तुला?"

त्याने खाली बघितले. एवढे एक वाक्य बोलायचे होते, पण तो मूग गिळून बसला. तिने मला दारातूनच हौदाच्या दगडावर फेकले. माझ्या पोटात मूठभर पोचा पडला. ती त्याच दिवशी बागेतून गेली. पुढे गावाबाहेर तिने जमिनीचा एक तुकडा घेतला आणि तिथे स्वतःचे गुलाब लावले, असे नंतर कानावर आले.

एक माळी मला उचलून म्हणाला, "पत्रेवाल्याकडून पोचा काढून आणतो."

"राहू दे," हेडमाळी म्हणाला. मला वाटते, त्याला तो पोचा दिसत राहायला हवा होता. पोचा का पडला हे तो कधीच विसरला नाही. त्या पोच्याने किती जागा खाल्ली, हे मात्र त्याच्या ध्यानातच आले नाही.

नंतरच्या वर्षांत बाकीची अकरा मापे गंजली, फुटली, हरवली. मी उरले. बागेतली सगळी खते आणि औषधे माझ्यानेच मोजली जाऊ लागली. सुरुवातीला एखादे मिश्रण फिके पडायचे, तेव्हा हेडमाळी पिंपातले पाणी कमी करायचा. असे एकेक प्रमाण जुळत जुळत माझ्या मापावर बसले. कुणी विचारले, "किती घालू?" की उत्तर ठरलेले: "एक माप, सपाट भरून." माप म्हणजे मी. रोज सकाळी हौदाच्या काठावर मला दोनदा आपटून तो गडी गोळा करायचा आणि म्हणायचा, "मंडळी, जमा व्हा." लांबून लोक त्याचे गुलाब बघायला येत. मीही मनात शेखी मिरवत असे. आपण अजून पूर्ण अर्धा लिटर आहोत, असेच मला वाटायचे.

एका हिवाळ्यात तो शिडीवरून पडला आणि त्याचा गुडघा कायमचा गेला. शिडी गेली, वाफ्यात बसणे गेले. त्याच सुमारास रेडिओ केंद्रावरच्या एक बाई पाखरांचे आवाज टिपायला बागेत आल्या होत्या. कुंपणापलीकडून त्यांना पाखरांऐवजी हेडमाळ्याचा आवाज ऐकू आला. तो एका गड्याला म्हणत होता, "रोपाला पाणी घालतोयस की आग विझवतोयस?" बाई हसल्या आणि त्यांनी त्याला रेडिओवर बोलायला बोलावले. शुक्रवारी सकाळी आठ वाजता, सात मिनिटे.

पहिल्या दिवशी त्याने मला कापडी पिशवीत घालून नेले. का, ते त्यालाही सांगता आले नसते. खोली लहान होती. भिंतींना जाड कापड लावलेले, समोर काच, काचेपलीकडे आवाजाची यंत्रे सांभाळणारा एक तरुण. त्याला बारीकसारीक सगळे ऐकू येई म्हणून केंद्रावर त्याला कानसेन म्हणत. लाल दिवा लागला आणि बागेच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणाऱ्या माणसाची बोलती बंद झाली. सहा सेकंद नुसती शांतता.  मग त्याने मला पिशवीतून काढले आणि टेबलावर दोनदा आपटले. त्याबरोबर तोंडातून आपोआप निघाले, "मंडळी, जमा व्हा." पुढची सात मिनिटे तो थांबला नाही.

"काका, ते डबडं फार वाजतंय," कानसेन नंतर म्हणाला.

"वाजू दे," बाई म्हणाल्या. "तेच राहील."

अशा रीतीने मी रेडिओवर गेले, मित्रांनो. हेडमाळ्याचा बागकाका झाला. दर शुक्रवारी माझी टकटक ऐकून लोक रेडिओजवळ सरकू लागले. पत्रे येऊ लागली, काही तर थेट माझ्या नावाने. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले म्हणा ना. बाजारात अर्ध्या लिटरची मापे खपू लागली. एकदा एक पोस्टकार्ड आले. अठरा वर्षांत बहिणीने भावाला लिहिलेले ते पहिलेच. त्यावर एवढेच होते: "तू म्हणतोस तसलंच नवं माप घेतलं. आता नीट सांग." बागकाकाने ते कार्ड तीनदा वाचले आणि खिशात ठेवले. तो तिला भेटायला मात्र गेला नाही. पुढे चार वर्षे अशीच अधूनमधून कार्डे येत-जात राहिली.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. गुलाबांबद्दल सांगताना तो नेहमी म्हणे, "आमच्या बागेत आम्ही असं करायचो." हे 'आम्ही' म्हणजे कोण, ते त्याने कधीच सांगितले नाही.

मग तो शुक्रवार उजाडला. आठवडाभर हवा कोंदट होती. सगळीकडे गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके पडत होते, पत्रांचा ढीग लागला होता. बागकाकाने मला आपटले आणि उपाय सांगितला. निळ्या औषधाची पूड, एका पिंपाला एक माप. "अर्ध्या लिटरचं माप, सपाट भरून. कमी नको, जास्त नको. आजच्या आज फवारा, ऊन उतरलं की. उद्यावर टाकलंत तर झाडं हातची जातील." असे ठासून तो क्वचितच बोलायचा.

दुपारी तो केंद्रावरच बसून पत्रांना उत्तरे लिहीत होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. कानसेन आत आला. त्याच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात नवे कोरे माप.

"काका, घरी चार कुंड्या आहेत. म्हटलं, आधी तुमच्या मापाशी ताडून बघू."

त्याने नवे माप काठोकाठ भरले आणि माझ्यात ओतायला लागला. मी भरत गेले. काठ आला. तो ओततच होता. पाणी माझ्या अंगावरून टेबलावर आले, पत्रांवर पसरले, शाई पसरू लागली.

"काका, सांडतंय," कानसेन म्हणाला. "ह्याच्यातलं पाव भाग पाणी तुमच्या मापात मावतच नाही."

बागकाका आधी नव्या मापाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याने अंगठा माझ्या पोच्यात घातला. अंगठा, आणि मग अख्खी मूठ आत बसली. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी अगदी जवळून पाहिला. माझ्या मापाने निर्धोक असलेले औषध लोकांच्या मापाने जहाल होणार होते. कोवळी पालवी आणि कळ्या त्यात करपून जातात, हे त्याला माझ्याइतकेच माहीत होते.

"ताई," तो म्हणाला. एवढेच.

कानसेनच्या हाकेने बाई धावत आल्या. त्याने भराभर सांगितले. बहिणीकडे गुलाबाची सहाशे झाडे, नव्या कळ्यांवर आलेली. फोन नाही. बसने जायला दीड तास. आणि तिचा स्वभाव असा की पाचला करायचे काम ती चारला उरकणार.

"तिच्याकडे रेडिओ आहे ना?" बाईंनी विचारले.

"खोपटात आहे. पण सेल वाचवायला माझं झालं की बंद करते." तो थांबला. "चारला लावेल. हवामान ऐकायला. हवामान ऐकल्याशिवाय ती पंपाला हात लावायची नाही. मीही नाही लावायचो."

चार वाजताच्या हवामानाला आता एकोणीस मिनिटे उरली होती. ते दोघे केंद्रप्रमुखांच्या खोलीत गेले. मी बागकाकाच्या हातात होते. त्याच्या बोटांचा दाब माझ्या काठाला कळत होता.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. "पुढच्या शुक्रवारी सुधारणा सांगा," ते म्हणाले. "चूक झाली असं आपण मधेच उठून सांगत नाही."

"पुढच्या शुक्रवारपर्यंत झाडं राहायची नाहीत, साहेब."

"आणि उद्या लोक म्हणाले, रेडिओ खोटं सांगतो, तर?"

"आज सांगितलंय ना खोटं. मीच सांगितलंय."

साहेबांनी पेनाचे टोपण लावले. "बागकाका, पुढच्या महिन्यापासून तुमचा कार्यक्रम सगळ्या केंद्रांवरून जायचाय. तुम्ही आज हे बोललात तर तो जाणार नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवतो."

मित्रांनो, खरे सांगते, क्षणभर मलाही मोह पडला. सगळ्या केंद्रांवरून माझी टकटक जाणार होती. बावीस वर्षांपूर्वी असाच एक साहेब असाच ठरवून मोकळा झाला होता आणि हा माणूस खाली बघून गप्प राहिला होता. आताही त्याने खाली बघितले. मला वाटले, संपले. पण तो माझ्या पोच्याकडे बघत होता.

"नाही गेला तर नाही गेला," तो म्हणाला. "मला चारला दीड मिनिट द्या."

"माझी सही मिळणार नाही."

"माझी चालेल," बाई म्हणाल्या आणि दार उघडून बाहेर पडल्या.

चारला दोन मिनिटे कमी असताना आम्ही त्या काचेच्या खोलीत होतो. हवामान वाचणाऱ्या निवेदिकेने खुर्ची रिकामी केली. बागकाकाने मला टेबलावर ठेवले आणि माझ्या शेजारी कानसेनचे नवे माप. लाल दिवा लागला.

आणि त्याचा आवाज पुन्हा अडकला. एक सेकंद, दोन, तीन. काचेपलीकडे कानसेन उभा राहिला. चार, पाच. गावाबाहेरच्या खोपटात कुणीतरी रेडिओ बिघडला म्हणून बटण फिरवायला हात पुढे करील, असे मला दिसायला लागले. 

त्याने मला उचलून आपटले. डब्ब. मग नवे माप आपटले. ठण्ण.

"मंडळी, जमा व्हा," तो म्हणाला. "मी बागकाका. सकाळी सांगितलेलं औषध तसं फवारू नका. हे दोन आवाज ऐकलेत? पहिलं माझं माप. दुसरं तुमचं. माझ्या मापाला पोचा आहे, त्यात पाव भाग कमी मावतं. हे मला आज कळलं. तुम्ही पाऊण माप घ्या, पाऊण. ज्यांनी फवारलं असेल, त्यांनी आत्ताच्या आत्ता झाडं साध्या पाण्यानं धुवा, वरून खालपर्यंत. चूक औषधाची नाही, दुकानदाराची नाही, माझी आहे." त्याने श्वास घेतला. निवेदिका घड्याळाकडे बोट दाखवत होती. "आणखी एक. गुलाबांचं आजवर जे काही मी तुम्हाला सांगितलं, ते सगळं मला माझ्या थोरल्या बहिणीनं शिकवलं. हे बोलायला मला बावीस वर्षं उशीर झाला. ताई, पंप खाली ठेव."

दिवा विझला. तिने ऐकले की नाही, हे त्या खोलीत कुणालाच कळणार नव्हते. बागकाका मला पिशवीत टाकून लंगडत बसथांब्याकडे निघाला.

दीड तास बसमध्ये तो पिशवीवर हात ठेवून बसला. शेवटच्या थांब्यावरून चालताना गुडघा साथ देत नव्हता, तरी तो थांबला नाही. तिच्या जमिनीच्या कुंपणाशी आम्ही पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर होते. पंप खोपटाच्या दाराशी आडवा पडलेला होता, त्याच्या तोंडातून निळे थेंब गळत होते. ते पाहून तो घाईने आत शिरला.

बहीण आतल्या बाजूला दिसली. केस पिकले होते, बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. हातात झारी घेऊन ती एका ओळीतली झाडे धूत होती, पान न् पान. त्याला बघून ती थांबली नाही. कुंपणाशी दुसरी झारी होती. त्याने मला खोपटाच्या लाकडी मेढीच्या खिळ्याला अडकवले आणि झारी भरून ओळीच्या दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. दोघे ओळीच्या मधे येऊन भेटले.

"दोन ओळी झाल्या होत्या," ती म्हणाली. "हवामान लागायच्या आधीच."

"हवामान न ऐकता?"

"तू म्हणालास ना, आजच्या आज. जन्मात एकदा तुझं ऐकलं, तर हे असं."

"बाकीची?"

"बाकीची तशीच आहेत. पंप खाली ठेवला मी." तिने झारी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. "ते शेवटचं पण ऐकलं."

 ती खोपटाकडे गेली आणि तिला मी दिसले. तिने मला खिळ्यावरून काढले. बावीस वर्षांनी मी पुन्हा त्या हातात होते. हात खरखरीत झाला होता, पण पकड तीच.

"अजून ठेवलंयस हे?"

"पोचा तू पाडलास," तो म्हणाला.

"पाडला मी. पण त्यातून इतकी वर्षं मोजलंस तू."

 खरे म्हणजे ते मलाही लागू होते. 'बरोबर' या एका शब्दावर मी इतकी वर्षे फुशारक्या मारल्या, आणि पोटात पोचा पडला त्या दिवसापासून तो शब्द माझा राहिलाच नव्हता.

धुतलेल्या दोन ओळींतली एक छाटल्यावर पुन्हा फुटली, दुसरी गेली. आणखी तिघा श्रोत्यांची झाडे करपली. त्यांना बागकाकाने स्वतःच्या हाताने पत्रे लिहिली आणि आपली रोपे पाठवली. साहेब शब्दाचे पक्के निघाले. कार्यक्रम सगळ्या केंद्रांवरून गेला नाही. आमच्या एका केंद्रावर मात्र तो आणखी नऊ वर्षे चालला. महिन्यातून एकदा ताई यायची आणि भावाचे बोलणे मधेच तोडून त्याला दुरुस्त करायची. तिच्या आवाजासाठी कानसेनला मायक्रोफोन हातभर मागे सरकवावा लागे. सर्वांत जास्त पत्रे त्याच शुक्रवारी येत.

आता मी तिच्या खोपटात मेढीला लटकलेले असते. मित्रांनो, तुमच्याकडेही मापे असतील, तराजू असतील, घड्याळे असतील. त्यांना तेलपाणी करा, गंजू देऊ नका, आणि वर्षातून एकदा तरी दुसऱ्याशी ताडून बघा. पोचा पडला म्हणून त्यांना फेकू नका. फक्त तो लपवू नका, आणि ज्यांचे चार लोक ऐकतात त्यांनी तर नाहीच नाही.

दरवर्षी छाटणी सुरू व्हायच्या दिवशी ताई नवे माप पाण्याने भरते आणि माझ्यात ओतते. पाणी काठाला येते, मग ओट्यावर सांडते. शिकायला आलेले कुणी विचारते, हे कशाचे माप? ती सांगते, "हे पाऊण माप आहे." त्या पत्रेवाल्यानंतर माझ्याबद्दल इतके नेमके कुणीच बोलले नव्हते.